करंगळीच्या मुंग्या आणि ‘ताकदीचं इंजेक्शन’

कोपर दारावर आपटलं की करंगळीपर्यंत करंट जातो ना? तीच ती अल्नर नस. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडामागच्या अरुंद खोबणीतून ती अगदी कातडीखालून जाते. कोपर दुमडलं की ताणली जाते. मोबाईल तासन्‌तास कानाला, भरतीचा अभ्यास टेबलावर कोपर टेकवून, रात्री हात उशीखाली दुमडून झोप. मुलगा चारठाण्याचा असो की पुण्याचा, नसेला फरक कळत नाही!

करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर झाली की ‘अशक्तपणा’ म्हणून ताकदीचं इंजेक्शन घेतलं जातं. मला हे पटत नाही. दबलेली नस इंजेक्शनने सुटत नाही, आणि अंगठा व तर्जनीमधला स्नायू एकदा सुकला की ऑपरेशननंतरही पूर्ण भरेलच असं नाही. सुरुवातीला मात्र कोपर टेकवणं सोडणं आणि रात्री त्याला सैलसर टॉवेल गुंडाळून ते सरळ ठेवणं, एवढंही बऱ्याचदा पुरतं.

आणखी एक. कोपराशी नस जाड लागत असेल किंवा अंगावर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. लाजू नका. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांचं.