गाळ फोडण्याआधी

जूनचे ढग दिसू लागले की पनवेल परिसरातल्या प्लांट ऑपरेटरची नजर आधी ड्राइंग बेडकडे जाते. आता चार महिने तिथे काही वाळणार नाही. एरेशन टाकीतले जिवाणू मात्र वाढतच राहणार. १९१४ साली मँचेस्टरमध्ये जन्मलेल्या ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धतीचे हे जुने दुखणे आहे. पाणी निवळते, पण खाल्लेल्या घाणीचा मोठा वाटा जिवाणूंच्या अंगी लागतो. हा जादा गाळ वेळेवर काढला नाही, तर तो सेटलिंग टाकीवरून ओसंडून थेट कासाडी-गाढीच्या वाटेने खाडीत पोचतो.

म्हणून गाळ फोडणाऱ्या यंत्रांची चौकशी वाढते. अल्ट्रासाउंड, ओझोन, अल्कली, हायड्रोडायनॅमिक कॅव्हिटेशन: रीत वेगळी, हेतू एकच, पेशीची भिंत फोडून आतला ऐवज मोकळा करणे. कॅव्हिटेशनवर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत (आयसीटी) मोलाचे संशोधन झाले आहे. थर्मल हायड्रोलिसिसमध्ये गाळ १६० ते १७० अंशांवर, दाबाखाली, सुमारे अर्धा तास ठेवतात. मग दाब एकदम सोडला की पेशी फुटतात.

पण फुटलेला गाळ नाहीसा होत नाही, त्याचा सीओडी होतो. पुढे डायजेस्टर असेल, तर त्याच सीओडीचा बायोगॅस मिळतो. नसेल, तर तो एरेशनमध्ये परततो, सोबत नायट्रोजन-फॉस्फरस आणतो आणि ब्लोअरचे वीजबिल वाढवतो.

डायजेस्टर नसलेल्यांनी आधी पाणी काढावे. एक टक्का घनांश असलेल्या १०० टन गाळात कोरडा माल जेमतेम १ टन असतो. सेंट्रिफ्यूजने घनांश २० टक्क्यांवर नेला, तर डंपरमध्ये ५ टन केक भरावा लागतो. ९५ टन पाणी प्लांटमध्येच राहते.

तळोज्याच्या कारखान्यांतल्या केमिकल गाळाला फोडण्याचे हे उपाय लागू नाहीत. त्यात फोडायला पेशी नाहीत, आणि धातू कशानेही विरघळून नाहीसे होत नाहीत. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. त्याची वाट वेगळीच हवी. तो जैविक गाळात मिसळला, तर चांगला गाळही खतासाठी बाद होतो.

तेव्हा यंत्राचे कोटेशन मागवण्याआधी, मित्रहो, लॉगबुकात तीन आकडे रोज लिहा: किती घनमीटर गाळ काढला, त्यात घनांश किती, केकमध्ये किती. चार महिन्यांची ही नोंद हाती असेल, तर कोणते यंत्र घ्यायचे हे विक्रेता नव्हे, आपण ठरवाल.