तीन महिने सरायची वाट पाहू नका
(छत्रपती संभाजीनगर शहर आणि जिल्ह्यातल्या घराघरांना जाहीर आवाहन)

आपल्याकडे दिवस गेल्याची बातमी तीन महिने घराबाहेर जाऊ देत नाहीत. मुकुंदवाडी असो, शहागंज असो, पडेगाव असो की फुलंब्रीकडची एखादी वाडी, रीत सगळीकडे सारखी. नजर लागेल, आणि काही वाईट घडलंच तर चारचौघांना काय सांगायचं, ही त्यामागची भीती. ती मला कळते. पहिल्या काही आठवड्यांत गर्भ पडण्याचा संभव खरोखरच जास्त असतो. म्हणून शेजारणीला सांगू नका, पाहुण्यांना कळवू नका, फोनवर फोटो टाकू नका, माझं काही म्हणणं नाही. पण आशाताईंना सांगा, नर्सबाईंना सांगा, डॉक्टरांना सांगा. पाळी चुकून आठवडा-दोन आठवडे झाले, घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा आल्या, की लगेच पहिल्या तपासणीला या. एवढं एकच मागणं मागायला मी हे लिहिते आहे.

गरोदर बायांच्या ओपीडीत नर्स म्हणून मी आयुष्याची बरीच वर्षं काढली. समोर बसलेल्या पोरीला विचारावं, कितवा महिना, तर उत्तर सासूबाई देणार: चौथा सरला असेल, पाचवाही लागला असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या दहापैकी सुमारे सात आयांची पहिली तपासणी पहिल्या तीन महिन्यांत झालेली आढळली. राहिलेल्या तिघी उशिरा येतात किंवा येतच नाहीत. त्याच पाहणीत राज्यातल्या ४५ टक्क्यांहून जास्त गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. या दोन आकड्यांचं नातं फार जवळचं आहे. रक्त वाढायला वेळ लागतो. तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन आठ निघालं तर गोळ्या आणि खाण्यावर ते वर आणायला हाताशी सहा महिने असतात. तेच आठव्या महिन्यात कळलं, तर सलाईनमधून लोह द्यायची किंवा रक्ताची पिशवी लावायची धावपळ होते. बाळंतपणात एरवी सहज सोसेल एवढा रक्तस्रावही अशा बाईच्या जिवावर उठतो.

लवकर येण्याची आणखी कारणं आहेत, आणि ती घरात फारशी कुणाला माहीत नसतात. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तिच्यासाठी लागणारी फॉलिक अॅसिडची गोळी खरं तर दिवस जायच्या आधीपासूनच घ्यायची असते. निदान पाळी चुकताच ती सुरू व्हावी. बाळंतपणाची तारीख ठरवायला पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी जितकी खात्रीची, तितकी पुढची नसते. रक्तदाबाचंही असंच. गरोदरपणात मधल्या महिन्यांत तो आपोआप थोडा उतरतो. एखादीला आधीपासून दाब असला आणि मशीन पहिल्यांदा पाचव्या महिन्यातच दंडाला लागलं, तर आकडा सरळ दिसतो आणि आजार लपून राहतो. नवव्या महिन्यात तो झटका देऊनच समोर येतो. २०१८-२० च्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या, देशात ९७. आपलं राज्य बरंच पुढे आहे. पण केरळात हाच आकडा १९ होता, म्हणजे आपल्याकडचे मृत्यूही अजून कमी करता येण्यासारखे आहेत.

आता तयारीचं सांगते. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास निवांत बसा. सगळ्यात आधी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस आठवा. कॅलेंडरवर खूण केली असेल तर उत्तम. नसेल तर सणवारावरून मागे या: पोळ्याच्या आधी की नंतर, नाथषष्ठीला पैठणला गेलो तेव्हा पाळी होती का, रमजान ईदच्या किती दिवस अलीकडे. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की अंदाजी तारीख निघते. १० जूनला शेवटची पाळी आली असेल तर १७ मार्चच्या आसपास. पाळी अनियमित असेल, किंवा बाळ अंगावर पीत असताना पाळी न येताच दिवस गेले असतील, तर तसं सांगा. अंदाजानं तारीख ठोकून देऊ नका. पुढचा सगळा हिशेब त्या तारखेवर चालतो.

मग जुने कागद काढा. आधीचं बाळंतपण सिझेरियननं झालं असेल तर त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड सगळ्यात महत्त्वाचं. गर्भ पडला होता, पिशवी साफ केली होती, बाळ पोटातच गेलं होतं, रक्त लावलं होतं, आधीच्या खेपेला झटके आले होते: हे बोलायला जड जातं, पण डॉक्टरांना ते कळलंच पाहिजे. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी पिशवीत टाका. नाव पाठ नसलं तरी चालतं, पाकीट बोलतं. थायरॉइड, साखर, दमा, फिट यांची औषधं दिवस गेले म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका. काही बदलावी लागतात, पण बदल डॉक्टरच करतील. आणि कुणी मुलगा होण्यासाठी म्हणून पुडी, मुळी, गोळी दिली असेल तर तीही आणून दाखवा. अशा औषधानं मुलगा होत नाही. त्यात काय कालवलंय ते मात्र ठाऊक नसतं, आणि ते बाळापर्यंत पोचतं.

नवरा-बायकोचं नातं लग्नाआधीपासूनचं असेल, म्हणजे मामाशी किंवा आत्ये-मामे भावंडांत लग्न झालं असेल, तर न विचारताही सांगा. मराठवाड्यात अशी लग्नं सर्रास होतात. थॅलेसेमिया, सिकलसेल असे रक्ताचे आजार आई-बाप दोघांकडून बाळात उतरतात आणि आधी कळलं तर पुढचा विचार करता येतो. मिसरी लावत असाल तर तेही सांगा. पाटीची पेन्सिल, भाजलेली माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात असं पोरी लाजत लाजत कबूल करतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. बहुतेक वेळा अंगात लोह कमी असल्याची ती खूण असते.

सोबत आधार कार्ड, स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं बँक खातं असेल त्याचं पासबुक आणि चालू मोबाइल नंबर ठेवा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र घरातल्या पहिलटकरणीला दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात आणि दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,०००. पहिला, ३,००० चा हप्ता नोंदणी आणि एका तपासणीनंतर येतो आणि ती तपासणी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत झालेली असावी लागते. खातं नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं दिल्यामुळे पैसे अडकलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. कागद अपुरे असले म्हणून तपासणी मात्र पुढे ढकलू नका. कागद मागून आणता येतात.

कुठे जायचं? पहिल्या तपासणीला थेट घाटी रुग्णालय गाठायची बहुतेकींना गरज नसते. घाटीत जालना, बीड, परभणी, बुलढाण्यापासून अडलेल्या बाया येतात आणि तिथली गर्दी सगळ्यांनाच ठाऊक आहे. शहरात महापालिकेचं जवळचं आरोग्य केंद्र, गावात उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घर ते दवाखाना ने-आण यांचा खर्च घरच्यांवर नसतो. आधीचं सिझेरियन, जुळं, हृदयाचा आजार असं काही असेल तर केंद्रातले डॉक्टरच चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवतील. खासगी डॉक्टरांकडे जाणार असाल तरी आशाताईंकडे नाव नोंदवा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ डॉक्टर तपासतात. तो दिवस मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांसाठी आहे, तेव्हा पहिल्या तपासणीसाठी ९ तारखेची वाट बघत बसू नका.

सकाळी खाऊन निघा. रांग लांब असते आणि उपाशीपोटी उलट्यांनी जीव हैराण होतो. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात, त्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. खासगी लॅबमध्ये दुसरं काही सांगितलं असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा. पाण्याची बाटली आणि डबा जवळ असू द्या. आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते वेगळं सांगायला नको. ड्रममधलं पाणी पुरवून वापरताना घरातली सून स्वतः कमी पिते, बाहेर स्वच्छतागृह नाही म्हणून आणखी कमी पिते, आणि मग लघवीला जळजळ सुरू होते. गरोदरपणात हा संसर्ग अंगावर काढायचा नसतो. लघवीची तपासणी त्यासाठीही असते.

वजन, उंची, रक्तदाब होईल. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, कावीळ-बी, गुप्तरोग आणि एचआयव्हीसाठी रक्त घेतील. शेवटच्या तपासण्यांची नावं ऐकून घरात कुजबुज होते, म्हणून मुद्दाम लिहिते: त्या प्रत्येक गरोदर बाईच्या करतात, कुणाच्या वागण्यावर संशय म्हणून नव्हे. एचआयव्ही वेळेत कळला तर औषधांनी बाळाला त्यातून बहुतेक वेळा वाचवता येतं. बाईचा रक्तगट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही तपासावा लागतो, म्हणून नवऱ्यानं त्या दिवशी सोबत यावं. बाहेर गाडीवर बसून राहू नये, आत यावं आणि डॉक्टर काय सांगतात ते आपल्या कानांनी ऐकावं.

सासूबाईंना, आयांना हात जोडून सांगणं आहे. तुमचा अनुभव मोठा आहे, पण सुनेच्या वतीनं सगळी उत्तरं देऊ नका. दोन मिनिटं तिला डॉक्टरांशी एकटीनं बोलू द्या. घरातली मारहाण, मनातली उदासी, नको असलेलं गरोदरपण ती तुमच्यासमोर बोलणार नाही. घरात दखनी बोलत असाल, बंजारा बोली बोलत असाल, तर शुद्ध मराठी येत नाही म्हणून गप्प बसू नका. आमच्यातल्या पुष्कळ जणी दोन-तीन बोली जाणतात. आणि सोनोग्राफीच्या खोलीत मुलगा की मुलगी हे विचारू नका, कुणी पैसे घेऊन सांगतो म्हणाला तरी जाऊ नका. १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. हे आपल्याच भागात, आपल्याच घरांनी केलं.

एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. आपल्याकडे अजून अठराच्या आत मुलींची लग्नं होतात. अशी मुलगी गरोदर राहिली की दवाखान्याला कायद्यानं पोलिसांना कळवावं लागतं, आणि त्या भीतीनं घरचे तिला थेट कळा सुरू होईपर्यंत लपवतात. या लपवाछपवीची किंमत ती मुलगी आपल्या जिवानं मोजते. कोवळ्या वयात झटक्यांचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका जास्त असतो. तिला सगळ्यात आधी आणा. उपचार तिला नाकारता येत नाहीत.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या सुपरवायझरांना आणि लेबर ठेकेदारांना विनंती आहे, या एका सकाळची मजुरी कापू नका. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. मुकादमांनी टोळीतल्या गरोदर बाईची नोंदणी आणि पहिली तपासणी गाव सोडण्याआधी करून घ्यावी. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याजवळच राहू द्यावं, पेटीत कुलूपबंद नको. त्यावरची नोंद दाखवली की कारखान्याच्या गावातल्या केंद्रातही पुढची तपासणी होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्यांनीही कार्ड आणि सगळे रिपोर्ट सोबत न्यावेत.

घरी निघताना तीन गोष्टी विचारून घ्या: कोणती गोळी कधी घ्यायची, पुढची तारीख कोणती, आणि रात्री-बेरात्री त्रास झाला तर कुठे जायचं. लोहाच्या गोळ्या साधारण चौथ्या महिन्यापासून रोज सुरू होतात. त्या चहासोबत घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, लिंबूपाण्याबरोबर चालतात. शौचाला काळं होतं, घाबरू नका. ज्वारी-बाजरीची भाकरी, मेथी, डाळी, शेंगदाणा-गूळ हे आपल्या घरातलंच आहे, फक्त ते सुनेच्या ताटात शेवटी उरलेलं नसावं.

पुढच्या तारखेआधी अंगावरून रक्त गेलं, पोटात एका बाजूला जोराचं दुखून चक्कर आली, उलट्यांनी पाणीही ठरेना, ताप चढला, पुढच्या महिन्यांत डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर तारखेची वाट पाहायची नाही, घरातल्या मोठ्यांच्या परवानगीचीही नाही. १०८ किंवा १०२ ला फोन लावा आणि निघा.

— एक निवृत्त परिचारिका, छत्रपती संभाजीनगर