धोक्याचे व्याज घेता, मग धोकाही सोसा

१९७९ साली झांबियाने रुमानियाकडून ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रे उधारीवर घेतली. पुढे तांब्याचे भाव पडले, हप्ते थकले. १९९९ मध्ये डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने ते थकीत कर्ज रुमानियाकडून सुमारे ३३ लाख डॉलरना विकत घेतले आणि लंडनच्या न्यायालयात झांबियाकडे तब्बल साडेपाच कोटी डॉलर मागितले. २००७ मध्ये न्यायालयाने दीड कोटीहून अधिक डॉलर मंजूर केले. जेमतेम वर्षभरापूर्वी, बरीच जुनी कर्जे माफ झाल्यावर, झांबियाने खेड्यांतल्या सरकारी दवाखान्यांची फी रद्द केली होती. ज्या कंपनीने त्या देशात एक नांगरही पाठवला नाही, तिने त्याच्याच तिजोरीत हात घातला. मी याला लूट म्हणतो. न्यायालयाचा शिक्का बसल्याने लुटीचा व्यवहार होत नाही.

झांबियाने २०१२, २०१४ आणि २०१५ मध्ये डॉलरमधले रोखे विकून तीन अब्ज डॉलर उभे केले. शेवटच्या रोख्यांवर व्याज जवळपास नऊ टक्के. श्रीमंत देशांना तेव्हा जवळजवळ फुकट पैसा मिळत होता. मग झांबियालाच नऊ टक्के का? तर म्हणे, पैसा बुडण्याचा धोका मोठा. ठीक. पण २०२० च्या नोव्हेंबरात झांबियाला हप्ता भरता आला नाही, म्हणजे तो धोका खरा ठरला, तेव्हा रोखेधारक नुकसान कमी व्हावे म्हणून अडून बसले. कर्ज काढून उधळणारे तिथले राज्यकर्ते दोषी आहेतच; पण शिक्षा भोगली ती त्यांच्या प्रजेने.

जी-२० ने कर्जांच्या फेररचनेसाठी आखलेल्या चौकटीत झांबिया २०२१ च्या सुरुवातीला गेला. सरकारी धनकोंशी तडजोड जून २०२३ मध्ये झाली, रोखेधारकांशी २०२४ मध्ये. त्याच वर्षी दुष्काळाने मक्याचे पीक करपले आणि राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. दारिद्र्यनिर्मूलनाच्या परिषदा मात्र या काळातही भरत राहिल्या.

आपल्याकडेही १८७५ मध्ये पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. १८७९ मध्ये इंग्रज सरकारला कायदा करावा लागला, आणि खतावरचा आकडा बाजूला ठेवून मुळात किती पैसे दिले हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. पुणे-नगरच्या शेतकऱ्याला दिलेले हे संरक्षण झांबियाला का नको?

ब्रिटनने २०१० मध्ये डोनेगलसारख्यांना वेसण घालणारा कायदा केला, पण फक्त जुन्या कर्जांपुरता. झांबियाचे नवे रोखे इंग्लंडच्याच कायद्याखालचे असूनही त्याच्या कक्षेबाहेर राहिले. सरकारी धनको जेवढे सोडतील तेवढे खासगी धनकोनेही सोडलेच पाहिजे, असा कायदा लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये झाल्याशिवाय ही वसुली थांबणार नाही. कर्जांच्या वाटाघाटींत भारताला आता मान आहे. आपल्या प्रतिनिधींनी तिथे हीच मागणी पहिली ठेवावी.