बॅटरी घरी बदलली, पण जुनी कुठे गेली?



गाडीची बॅटरी घरी बदलता येते. बहुतेक साध्या गाड्यांना दहा नंबरचा पाना आणि अर्धा तास पुरतो. "हे बायकांचं काम नाही" म्हणणाऱ्यांकडे मी लक्षच देत नाही. माझं भांडण वेगळ्यांशी आहे. "बॅटरी घरीच बदलली, आणि जुनीचे भंगारवाल्याने दुकानापेक्षा दोनशे जास्त दिले," असं कौतुकाने सांगणाऱ्यांशी.

आधी काम नीट समजून घ्या. गाडी बंद, किल्ली बाहेर. हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढा, मोजे आणि चष्मा घाला. सोडताना आधी काळी वायर, मग लाल. जोडताना आधी लाल, मग काळी. काळी जोडलेली असताना पाना लाल टोकावरून गाडीच्या पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या इंजिनची गाडी असेल, तर मात्र मेकॅनिकलाच बोलवा. त्यात वेगळी बॅटरी लागते, आणि काही गाड्यांत तिची नोंद कॉम्प्युटरवर करावी लागते.

इतकं सगळे सांगतात. गाडी सुरू झाली की काम संपलं असंही सांगतात. तिथेच माझा आक्षेप आहे.

त्या जड डब्यात कित्येक किलो शिसं आणि गंधकाम्ल असतं. शिशाचा पुनर्वापर उत्तम होतो, पण तो नियंत्रित कारखान्यात. उघड्यावर बॅटरी फोडणारा माणूस आम्ल गटारात ओततो आणि पत्रे भट्टीत वितळवतो. त्याला दोनशे रुपये जास्त परवडतात ते यामुळेच. धूर आणि धूळ आधी त्याच्याच लेकरांच्या अंगात जाते. सेनेगलमध्ये डकारजवळ थियारोय-सुर-मेर या वस्तीत 2007-08 च्या काही महिन्यांत 18 मुलं दगावली. तिथे जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं काढण्याचा धंदा चालायचा. शिशाचं कोणतंही प्रमाण मुलांसाठी सुरक्षित मानलं जात नाही.

आता आपल्या धर्माकडे या. हिंसा तीन प्रकारे होते: करणे, करविणे आणि अनुमोदन देणे. भट्टी आपण पेटवली नाही, हे खरं. पण दोनशे रुपये घेऊन करविली कुणी? श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. आणि आपले मुनी तर शरीराचा मळसुद्धा निर्जीव जागा पाहून टाकतात. ती प्रतिष्ठापन समिती आपण व्याख्यानात ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन विषाचा डबा कुणाच्याही हातगाडीवर चढवतो!

"एका बॅटरीने काय होतं?" असं मला विचारलं जातं. पाणी गाळताना आपण "एका पेल्याने काय होतं" असं म्हणतो का?

"भंगारवाल्याचंही पोट आहे" हा दुसरा मुद्दा. आहेच. म्हणून तर त्याला रद्दी द्या, लोखंड द्या, बाटल्या द्या. विष देऊन कुणाचं पोट भरत नाही.

करायचं अगदी सोपं आहे. नवी बॅटरी विकणाऱ्या दुकानदाराने जुनी परत घ्यावी, असा नियम 2001 मध्येच आला. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तर आपल्यावरही जबाबदारी टाकली: जुनी बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही, आणि ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्यांकडेच द्यायची. म्हणून ती प्लास्टिकच्या टबात उभी ठेवून दुकानात न्या, आडवी करू नका. आम्ल सांडलंच तर त्यावर खाण्याचा सोडा टाका. जुनी परत घेतल्याची नोंद बिलावर मागा. आणि ती पुढे कुठे जाते, हे दुकानदाराला विचारा. चार बायकांनी विचारलं की तोही विचार करायला लागतो.

दोनशे रुपये कमी मिळतील. मिळू द्या. तेवढं आपल्या अहिंसेचं मोल नक्कीच आहे.