युरो निघतात किती, रुपये पोचतात किती?

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे ठरले. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गवंडी, बस आणि ट्रकचालक अशी कामं त्यात आहेत. त्यानंतर जर्मन भाषेचे वर्ग, व्हिसा, पगार यांची भरपूर चर्चा झाली. त्या पगारातून घरी येणाऱ्या पैशाला वाटेत किती कात्री लागेल, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

नवापूरसारख्या आदिवासी तालुक्यातून युरोपात गेलेली मुलगी किंवा मुलगा घरी पैसे पाठवेल ते धाकट्या भावंडाच्या फीसाठी, आईच्या औषधासाठी, विहिरीवरच्या मोटारीसाठी. ही रक्कम महिन्याला तीनशे किंवा पाचशे युरोंची असणार. बँकांच्या आजच्या आकारणीत सगळ्यात जास्त मार बसतो तो नेमका अशा लहान रकमांना.

बाहेरगावाहून येणाऱ्या पैशावर चूल चालवणं आपल्याकडे नवं नाही. ऊसतोडीला दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांवर, मजुरीला सुरतेला जाणारी माणसं इथं पिढ्यान् पिढ्या आहेत. पूर्वी तो पैसा मनीऑर्डरनं यायचा. वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे शेकडा पाच कमिशन पडायचं. ते महाग होतं, पण दर उघड होता आणि फॉर्मवर लिहिलेली रक्कम पोस्टमन पूर्ण मोजून हातात द्यायचा. आज सुरतेहून नवापूरला यूपीआयनं पैसे येतात ते फुकट आणि क्षणात. बचत खातेदारानं ऑनलाइन केलेल्या एनईएफटीवर शुल्क घ्यायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा आदेश जानेवारी 2020 पासून लागू आहे. ही स्वस्ताई नियामकानं ठरवलं म्हणून आली.

आता जर्मनीहून येणाऱ्या पैशाचा हिशेब मांडू. हिशेब सोपा राहावा म्हणून एका युरोचा बाजारभाव 100 रुपये धरू आणि शुल्कंही उदाहरणादाखल घेऊ. मुलगी 500 युरो पाठवते. तिथली बँक वर 15 युरो फी घेते. वाटेतली एक मध्यस्थ बँक 10 युरो कापते, उरतात 490. इथली बँक युरोला 100 ऐवजी 98 रुपये भाव देते, म्हणजे 48,020 रुपये होतात. चलन बदलण्याच्या सेवेवर जीएसटी लागतो, तो साधारण 86 रुपये. खात्यात जमा होतात 47,934 रुपये. मुलीच्या खिशातून गेले 515 युरो, म्हणजे 51,500 रुपये. वाटेत 3,566 रुपये गेले. ही जवळपास सात टक्के कात्री झाली, मनीऑर्डरपेक्षाही जास्त. आणि मुलीच्या पावतीवर दिसतात फक्त 15 युरो.

याच दरांनी कुणी 5,000 युरो पाठवले, तर सगळा खर्च पावणेतीन टक्क्यांच्याही आत राहतो. ठरावीक फी मोठ्या रकमेत विरघळून जाते आणि लहान रकमेला बोचते. ज्याची कमाई कमी, त्याच्याकडून जास्त टक्के घेणारी ही व्यवस्था आहे.

असं का होतं? परदेशी बँकेतून इथल्या बँकेत प्रत्यक्ष पैसा प्रवास करत नाही. 1973 मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली स्विफ्ट ही संस्था बँकांमधले निरोप पोचवते. पैशाची नोंद होते ती बँकांनी एकमेकींकडे उघडलेल्या खात्यांत. दोन बँकांचं थेट खातं नसेल, तर मधे तिसरी, कधी चौथी बँक येते आणि प्रत्येक बँक आपला वाटा काढून घेते. नवापूरच्या शाखेत विचारायला गेलं, तर तिथल्या कर्मचाऱ्यालाही सांगता येत नाही, कारण अनेक बँकांत परदेशी चलनाचं काम मोठ्या शहरातल्या ठरावीक शाखाच करतात. पासबुकात एक ओळ उमटते आणि आई-वडील ती मान्य करून घरी जातात.

बँकांचं म्हणणं असं, की गैरव्यवहाराच्या पैशाची तपासणी करावी लागते, चलनाच्या चढउताराची जोखीम असते, त्याला खर्च येतो. खर्च येतो हे मान्य. पण तो भावात लपवण्याचं कारण काय? तो उघड लिहावा आणि ग्राहकाला दोन ठिकाणी तुलना करू द्यावी.

हे करता येतं, याचा पुरावा खुद्द युरोपातच आहे. एका युरोपीय देशातून दुसऱ्यात 100 युरो पाठवायला एके काळी सरासरी 24 युरो लागत. 2001 मध्ये युरोपीय संघानं नियम केला, की युरोतली सीमापार रक्कम देशांतर्गत रकमेपेक्षा महाग असता कामा नये. खर्च अडीच युरोंच्या आसपास उतरला. ऑक्टोबर 2025 पासून तर युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना दहा सेकंदांत पैसे पोचवण्याची सोय द्यावी लागते, तीही नेहमीच्या दरापेक्षा जास्त न आकारता. म्युनिकहून लिस्बनला पैसे पाठवणाऱ्या कामगाराला मिळालेलं हे संरक्षण त्याच म्युनिकहून नवापूरला पाठवणाऱ्याला नाही. युरोपीय आयोगानं 2023 मध्ये मांडलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात संघाबाहेर जाणाऱ्या पैशावरही चलनबदलाचा अधिभार आधी सांगण्याची तरतूद होती. तिचा आग्रह आपण धरला पाहिजे.

जागतिक बँकेच्या पाहणीत 200 डॉलर पाठवण्याचा जगाचा सरासरी खर्च साडेसहा टक्क्यांच्या आसपास आहे. 2030 पर्यंत तो तीन टक्क्यांखाली आणायचं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं आहे. परदेशातून सर्वाधिक पैसा येतो तो भारतात, आणि रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 मध्ये त्यात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा, वीस टक्क्यांहून थोडा अधिक होता. म्हणून या प्रश्नावर पहिला आवाज आपल्या राज्यानं उठवायला हवा. यूपीआय सिंगापूरशी फेब्रुवारी 2023 मध्ये जोडलं गेलं. युरोपच्या तत्काळ पैसे पोचवणाऱ्या 'टिप्स' यंत्रणेशी जोडणीचं काम रिझर्व्ह बँकेनं हाती घेतलं आहे. ते लवकर पुरं व्हावं आणि पहिल्या दिवसापासून लहान रकमांना त्याचा लाभ मिळावा.

तोवर सरकारला एक मागणी आहे. परदेशी मनुष्यबळ पाठवण्याच्या प्रत्येक करारात पगाराबरोबर पैसे घरी पाठवण्याची स्वस्त सोय लिहून घ्या. आणि रिझर्व्ह बँकेला दुसरी मागणी: परदेशातून रक्कम जमा झाली, की किती युरो आले, कोणत्या भावानं बदलले, कोणतं शुल्क आणि किती जीएसटी कापला, हे चारही आकडे खातेदाराला मराठीत एसएमएसनं मिळणं सक्तीचं करा.

ज्यांची मुलं बाहेर आहेत, त्यांनी हे करावं. घाई नसेल तर दोन महिन्यांची रक्कम एकदम मागवा, ठरावीक फी एकदाच पडेल. पाठवताना सगळे खर्च पाठवणाऱ्याकडे ठेवण्याचा पर्याय असतो. मध्यस्थ बँकेची कात्री टाळायची तर तो विचारून घ्या. परवानाधारक मनी ट्रान्सफर कंपनीचे दर बँकेशी ताडून बघा, पुष्कळदा ते स्वस्त पडतात. हवालाच्या वाटेला जाऊ नका. तो परकीय चलनाच्या फेमा कायद्याचा भंग आहे आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही. इथल्या बँकेनं काय कापलं, याचा खुलासा लेखी मागा. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिला पैसे लागत नाहीत, आणि माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

आणि मुलाला किंवा मुलीला एवढं नक्की सांगा: पैसे पाठवायच्या आधी, घरच्या खात्यात नेमके किती रुपये जमा होतील, हे तिथल्या बँकेला विचार. जी बँक हा आकडा सांगत नाही, तिच्यामार्फत पैसे पाठवू नकोस.