काळी पट्टी कुणाचं नाव झाकते?

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावाची अतिवृष्टी अनुदानाची यादी डोळ्यांसमोर आणा. माहिती अधिकारात मागितलेली. गट नंबर आहे, क्षेत्र आहे, रक्कम आहे. नावाच्या रकान्यावर मात्र काळी पट्टी. कारण काय, तर 'वैयक्तिक माहिती'.

आता तोच गट नंबर सरकारच्याच भूलेख संकेतस्थळावर टाका. सातबाऱ्यावर मालकाचं नाव कुणालाही दिसतं. म्हणजे पट्टीने खऱ्या शेतकऱ्याचं काहीच झाकलं जात नाही. झाकला जातो तो, ज्याचा त्या जमिनीशी संबंध नाही पण ज्याच्या खात्यावर पैसे गेले. हे तर्कट नाही. मराठवाड्यातच, जालना जिल्ह्यात, २०२५ साली अनुदानाच्या याद्यांत बोगस नावं घुसवल्याचं चौकशीत निघालं आणि तलाठी निलंबित झाले. घोटाळा नावांतच होता. नाव पुसलं की यादी बिनचूक दिसते.

ही पट्टी एका दिवसात आलेली नाही. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला मिळालेले मेमो, झालेल्या शिक्षा आणि त्याची मालमत्ता यांची माहिती गिरीश देशपांडे यांनी मागितली. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली: नोकराचं काम ही नोकर आणि मालक यांच्यातली बाब. सरकारी नोकराचा मालक कोण, हा प्रश्न तिथे विचारला जायला हवा होता. त्यानंतर हा निकाल नकाराच्या पत्रांत रबरी शिक्क्यासारखा वापरला गेला.

तरी कायद्यात जागा होती. कलम ८(१)(ञ) म्हणायचं, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण आक्रमण करणारी माहितीच रोखा. व्यापक जनहित असेल तर तीही द्या. शिवाय, विधिमंडळाला नाकारता येत नाही ती माहिती नागरिकालाही नाकारायची नाही. माजी मंत्री सुरूपसिंग नाईक यांनी न्यायालयाच्या अवमानाच्या शिक्षेतला बराच काळ रुग्णालयात काढला. त्या नोंदींच्या वादात २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने याच तरतुदीवर बोट ठेवलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुणे जिल्हा न्यायालयातल्या लिपिक भरतीचे इतर उमेदवारांचे गुण देण्याचा आदेशही त्याच न्यायालयाने दिला.

ते सगळे शब्द आता गेले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने ते काढले आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. उरलं एवढंच: वैयक्तिक माहिती असेल तर नकार.

सरकार म्हणतं, कलम ८(२) आहे ना, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. येते, देणं भाग नाही. आणि ती देण्याचं धाडस कोणता अव्वल कारकून करील? नकार दिल्याबद्दल त्याला वरून कुणी रागावत नाही.

खासगीपणा खोटा नाही. आधार क्रमांक, बँक खातं, आजार यांवर पट्टी हवीच, आणि त्यासाठी कलम १० आहेच. पण तेच कलम म्हणतं की काही भाग वगळला तर कारण आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव-पदनाम लेखी कळवा. किती उत्तरांत ते असतं? कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही अधिकाऱ्यावर आहे. शिवाय अनुदानाचे लाभार्थी न मागता जाहीर करण्याचं कलम ४ कुणी रद्द केलेलं नाही.

पण हे भांडायचं कुठे? सेनगावच्या माणसाला उच्च न्यायालय म्हणजे छत्रपती संभाजीनगर, सुमारे दोनशे किलोमीटर लांब. वकिलाची फी, बुडालेली मजुरी आणि पुढची तारीख. पट्टी ओढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

म्हणून पहिल्या अपिलात एवढंच लिहा: पट्टी कुणी ओढली, त्याचं नाव आणि हुद्दा द्या.