पटाशीचे पाणी

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी लाटणी, भोवरे, खेळणी पाहताना डोळा रंगावरच खिळतो. कातारी मात्र आधी हत्याराची धार पाहतो. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ओरबाडते. जोर लावावा तर अडकून हातातून उसळते.

हौसेने घरी लेथ घेणाऱ्याचे घोडे इथेच अडते. खोलगट पटाशी ग्राइंडरवर नुसती हाताने धरली, तर दर वेळी उतार बदलतो आणि पोलाद उगाच झिजते. त्यासाठी जिग घ्यावी. पटाशी तीत घट्ट बसवायची, दर वेळी तेवढीच बाहेर ठेवायची, मग डावी-उजवीकडे झुलवली तरी आकार तोच मिळतो. वाडगे कोरायच्या पटाशीला साधारण ४५ ते ६० अंशांचा कोन चालतो.

कोन जुळला की नाही, हे कसे कळावे? उताराला मार्कर पेनची शाई फासावी आणि चाक बंद ठेवून हातानेच थोडे फिरवावे. शाई धारेपासून टाचेपर्यंत पुसली गेली तर ठीक. नुसती टाचेकडचीच गेली, तर जिग पुन्हा लावावी.

दाब अगदी हलका हवा. साध्या कार्बन पोलादाची धार निळी पडली की तिचे पाणी उतरलेच! हायस्पीड स्टील त्या मानाने सोशीक. अन् डोळ्यांवर चष्मा हवाच. ठिणग्या कुणाचीच भीड ठेवत नाहीत.